गंज पुसला म्हणून

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी नाथाकाकांना कामावरून काढून टाकलं. कारण विचाराल, तर त्यांनी गंज पुसला. बाकी काही नाही.

हे ऐकायला कसं वाटतं ते मला माहीत आहे. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. शेखर म्हणाला, "लोहाराने गंज पुसला म्हणून काढलंस? उद्या न्हाव्याला केस कापले म्हणून काढशील." शेखर विमा विकतो. दुसऱ्याच्या धंद्यातलं त्याला फक्त मरण कळतं, त्याच्या अलीकडचं काही कळत नाही. तेव्हा त्याला समजावायच्या फंदात मी पडले नाही. तुम्हाला सांगते.

पाथर्डी फाट्याच्या पुढे आमचं आवार आहे. सासऱ्यांच्या काळी तिथे पाटी होती, 'कोंडाजी भंगार'. आता पाटी आहे, 'सुवर्णा, जुने लोखंडकाम, बाग आणि प्रवेशद्वारांसाठी'. माल तोच. पडलेल्या बंगल्यांची फाटकं, कठडे, गोल जिने, बागेतली बाकं, दिव्याचे खांब, वेल चढवायच्या कमानी. सासरे हे सगळं किलोवर विकायचे, मी नगावर विकते. त्यांच्या गिऱ्हाइकाला गंज म्हणजे वजनातली लबाडी वाटायची, माझ्या गिऱ्हाइकाला गंज म्हणजे घराणं वाटतं. गंगापूर धरणाच्या बाजूला ज्यांनी फार्महाऊस बांधलीत, त्यांना फाटक असं हवं असतं की आपले आजोबा त्यातून बग्गीत बसून आत यायचे. आजोबा बहुतेकांचे सायकलवर होते, पण ते मी बोलून दाखवत नाही.

त्यामुळे आवारातला नियम एकच. तुटलेलं जोडा, वाकलेलं सरळ करा, वरून लॅकरचा हात मारा, पण गंजाला धक्का लावायचा नाही.

हा नियम नाथाकाकांनी अकरा वर्षं पाळला आणि अकरा वर्षं त्याबद्दल तोंड वाकडं केलं. ते सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. जातीचे लोहार, वय सत्तर, हात अजून घणाचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ओतीव आणि घडीव यातला फरक कळत नव्हता. त्यांनी मला हातोडीने वाजवून ऐकायला शिकवलं. "घडीव बोलतं ताई, ओतीव नुसतं हं म्हणतं," असं सांगायचे. आज मी गिऱ्हाइकासमोर तोच आवाज काढून दाखवते आणि वाहवा घेते. पण गंजाची गोष्ट निघाली की ते मागे चहाला निघून जायचे. एकदा एक बाई आमच्या कठड्यावरून बोटं फिरवत "किती सुंदर" म्हणाली, तर हे तिच्या तोंडावर म्हणाले, "खरूज हाय ती. त्याला खरूज झालीय आन् तुम्ही फोटो काढून ऱ्हायल्या."

बाईला ते फार आवडलं. तिने दोन कठडे घेतले.

काकांचा मुलगा सातपूरला कंपनीत आहे. तो कधीचा म्हणतो, बाबा आता घरी बसा. काकांचं उत्तर ठरलेलं. "बसलो तर उठायचो नाय." हे ते गमतीत म्हणत नसत. त्यांच्या गल्लीतले दोन जण कामावरून बसले आणि वर्षाच्या आत गेले, हे त्यांनी मला नावानिशी सांगितलं होतं. म्हणजे माणसाला मी कशातून काढत होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी काढलं.

आता फाटकाकडे येते. देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला पाडला, त्याचं ते फाटक. दोन झडपा, प्रत्येकी माणसाहून उंच, सगळं घडीव काम, वर द्राक्षाचा वेल आणि एकेक मणी हाताने ठोकलेला. आणि गंज तर असा, की काय सांगू. तांबूस, जांभळा, कुठे हळदीसारखा पिवळा. लासलगावचे कांद्याचे व्यापारी धनराज आप्पा गिरणाऱ्याकडे फार्महाऊस बांधत होते. त्यांची आर्किटेक्ट योगिनी मॅडम हे फाटक बघून पाच मिनिटं गप्प उभी राहिली, आणि ती बाई पाच सेकंद गप्प राहत नाही. तिने त्या गंजाचे चाळीसेक फोटो काढले. गंजाला ती पटिना म्हणते. आप्पा मागे हात बांधून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "रंग देऊन मिळंल ना?" मॅडमने त्यांच्याकडे असं बघितलं की आप्पा परत बोलले नाहीत. ठरलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर आप्पा फाटक ताब्यात घेणार.

दसऱ्याच्या आधी खंडेनवमी. लोखंडात पोट असलेल्या माणसाचा तोच मोठा सण. हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, आणि त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. आवारातली पूजा दरवर्षी मीच करते. ऐरण, घण, हातोड्या, सांडशी, वजनकाटा, एवढंच मांडते. यंदा मात्र माझी पंचाईत झाली. माहेर माझं मखमलाबादचं, माळ्यांचं. झेंडूचे ते दोन दिवस म्हणजे आमच्याकडे वर्षाची कमाई, आणि वहिनीचा पाय मोडलेला. भाऊ म्हणाला, गाड्यावर तू बस. मी अष्टमीला सकाळी किल्ल्या नाथाकाकांच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "यंदा पूजा तुम्हीच करा."

माझं हे वाक्य नीट ऐका. लोहाराला सांगितलं, पूजा तुम्ही करा. आणि काय करू नका, ते सांगितलं नाही. दोन दिवस मी झेंडू तोलत बसले आणि एकदाही मनात आलं नाही की पूजा म्हटल्यावर लोहार आधी काय करतो.

नवमीला दुपारी चारला मी आवारात आले. आत शिरले आणि मला वाटलं एसटी स्टँडवर आले. आप्पांचं फाटक चकाकत होतं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खाली रेड ऑक्साईड, वर चंदेरी रंगाचे दोन हात. द्राक्षाचा एकेक मणी नव्या वाटीसारखा. मधोमध झेंडूचा हार आणि हळदकुंकवाची पाच बोटं. बाजूला नाथाकाका, धुतलेला सदरा घालून, लग्नातल्या मुलीच्या बापासारखे उभे.

"बघा ताई," ते म्हणाले.

मी बघितलं. आणि मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही, कारण माझी मुलगी हे वाचेल. पन्नास वर्षं लोखंडात राहून अक्कल आली नाही, असं बोलले. तुमच्या देवभोळेपणाने माझा धंदा बुडवला, असं बोलले. म्हातारचळ हा शब्दही वापरला. काका एकदा म्हणाले, "ताई, वरची खीळ जरा," आणि मी म्हटलं, "खीळ गेली खड्ड्यात." ते गप्प झाले. समोरचा रागात असला की काका कधीच उत्तर देत नाहीत. त्यांच्या मते तापलेल्या लोखंडाला हात लावायचा नसतो.

शेवटी मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका. घरी बसा."

घरी बसा हे मी मुद्दाम म्हटलं. लागावं म्हणूनच.

त्यांनी किल्ल्या पाटाशेजारी ठेवल्या. स्वतःचा हातोडा उचलायला हात पुढे केला आणि परत मागे घेतला, कारण पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. डबा घेतला, सायकल घेतली आणि गेले. मला वाटलं होतं काही तरी बोलतील. नाही बोलले. त्याचाही मला रागच आला.

मग मी पदर खोचला आणि थिनर घेऊन फाटकावर चढले. रंग ताजाच, निघेल असं मला वाटलं. निघेल आणि खाली गंज असेल, हे मला कसं वाटलं देव जाणे. रागात माणूस काहीही वाटून घेतो. स्टुलावर उभी राहून मी वरच्या बिजागरीपासून घासायला सुरुवात केली, आणि चंदेरी निघून खालून जे लोखंड आलं ते मी ओळखलं नाही. बिजागरीची खीळ नवी होती. अंगठ्याएवढी जाड, भट्टीत घडवलेली, चारी बाजूंनी रिबिटा मारून बसवलेली. वेल्डिंगचा एक थेंब नाही. दुसऱ्या झडपेचीही तशीच. म्हणजे अष्टमीचा अख्खा दिवस हा माणूस एकटा भट्टीवर होता.

जुनी खीळ कुठे गेली म्हणून मी खाली उतरून शोधलं. ती पाटावर होती. ऐरण आणि घणाच्या मधे, तिच्यावरही हळदकुंकू, तिच्यावरही फूल. हातात घेतली तर मधोमध खाऊन खाऊन पेन्सिलीएवढी राहिलेली. बोटांनी वाकवली, तर वाकली.

मी तिथेच बसले. झडप एकेक दोनशे किलोची. दोन महिने मी त्या फाटकाला टेकून गिऱ्हाइकांशी बोलत होते. योगिनी मॅडमने त्याला धरून फोटो काढून घेतला होता. आम्ही सगळे त्या गंजाकडे बघत होतो आणि गंज आत काय खातोय ते बघायला एकच माणूस होता. तो सांगत होता तेव्हा मी खीळ खड्ड्यात घातली.

तेव्हाच गाडी काढून जायला हवं होतं. नाही गेले. मालकीण आहे ना मी. मालकिणीने त्याच दिवशी कसं जायचं? घरी जाऊन शेखरवर ओरडले, ते एक काम केलं.

दसऱ्याला अकरा वाजता आप्पा आणि मॅडम आले. मॅडमने फाटक बघितलं, गॉगल काढला, परत घातला.

"सुवर्णाताई, हे काय आहे?"

"फाटक आहे," मी म्हटलं.

"पटिना कुठे आहे?"

"पुसला."

ती एका बाकावर बसली. ते बाकही गंजलेलं होतं, तिच्या पांढऱ्या पँटला लागलं, पण त्याचं तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. शंभर वर्षं, म्हणाली, शंभर वर्षं लागतात ताई तो रंग यायला. मी उलट बोलले नाही. खोटंही बोलले नाही, जे मी धंद्यात बऱ्यापैकी बोलते. जुनी खीळ आणून आप्पांच्या हातात दिली आणि झालं ते सगळं सांगितलं. मी दोन दिवस नव्हते, आमच्या माणसाने घासायला घेतलं, तेव्हा हे दिसलं, त्याने नवी घडवली, मग रंग दिला.

आप्पांनी खीळ वाकवून बघितली. "झडप किती वजनाची?"

"दोन क्विंटल."

"म्हंजे कांद्याच्या चार गोण्या," आप्पा म्हणाले. कुठलंही वजन ते कांद्यात समजून घेतात. मग खीळ बोटांत फिरवत म्हणाले, "माझी नातवंडं फाटकाला लोंबकळत्यात. तिघं. सांगून ऐकत नाय."

मॅडम बाकावरून उठून फाटकापाशी आली, वरच्या रिबिटांना हात लावून बघितला आणि हळूच म्हणाली, हे फार सुंदर केलंय. मग तिला आपला धंदा आठवला. "पण आप्पा, रंग?"

"गंज परत येतो ना?" आप्पांनी मला विचारलं.

"लक्ष नाही दिलं तर येतो."

"मग लक्ष नका देऊ. मॅडम, दोन-तीन पावसाळे थांबा. मला घाई नाय." तेवढं मिटवून ते माझ्याकडे वळले. "हे केलं कोणी?"

"आमच्या नाथाकाकांनी."

"बोलवा की. नारळ त्यांच्या हातनं फोडू."

मी म्हटलं, "काल मी त्यांना कामावरून काढलं."

"कशापायी?"

"गंज पुसला म्हणून."

आप्पांनी लासलगावात तीस वर्षं लिलाव ऐकलेत, त्यांचा चेहरा सहसा हलत नाही. तेव्हाही हलला नाही. त्यांनी फाटकाला कुंकवाचं बोट लावलं, नारळ कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे बघितलं, ड्रायव्हरने आणून दिला तो फाटकाच्या पायाशी न फोडताच ठेवला. "मुहूर्त धरला," ते म्हणाले. "फाटक त्या माणसासंगं पाठवा. बसवायला तोच पायजे. तो नसंल तर मला नको, ताई. ऱ्हाऊ द्या इथंच."

तेव्हा आता मी फाटकासाठी गेले की काकांसाठी, असं तुम्ही विचाराल. शेखरनेही विचारलं. मी त्याला म्हटलं, गाडीची किल्ली दे. पण खरं सांगते, सकाळी हत्यारं पाटावरून उचलताना त्यांच्या हातोड्याचा दांडा हातात आला, बोटांच्या जागी झिजून खड्डे पडलेला, आणि मला रडू आलं होतं. तेव्हा आप्पा यायचे होते.

दसऱ्याला एक सोय आहे. आपट्याची पानं घेऊन लहानाने मोठ्याच्या घरी जायचं, सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. सोनं घेऊन आलेल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही. दोन भावांचा कोर्टात दावा चालू असला तरी त्या दिवशी पानं देतात. मी त्याच भरवशावर निघाले. काकांचं घर देवळाली गावात, तिथवर वाक्यं पाठ केली. काका, चुकलं माझं. म्हातारचळ म्हणाले ते माझं मला झालंय. एवढं म्हणेन, मग ते काय म्हणतील ते म्हणोत.

दार कुसाबाईंनी उघडलं. काकांची बायको, मी त्यांना चार-पाचदाच भेटलेली. अंगावर नवी साडी, जांभळी, येवल्याकडची, काठाला मोर. मला बघून त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. "या ताई, या. हे शिलंगणाला गेलेत, येतीलच. बसा." मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या, आणि पदर पुढे घेऊन मला दाखवला.

"कशी दिसती?"

"छान दिसते," मी म्हटलं.

"काल हे लौकर आले. मी म्हनलं, तब्येत-बियेत नाय ना? तर म्हनले, ताईनं रजा दिली. सणाचं घरी बस म्हनली. आन् ही साडी दिली म्हनले तुमच्याकडनं. पन्नास वर्सं काम करून ऱ्हायले ताई, कोनी बायकोला साडी नाय दिली यांच्या. तुमच्या सासऱ्यानं बी नाय." त्या काठावरून बोट फिरवत होत्या. "रंग तुम्हीच निवडला का?"

मी म्हटलं, "हो."

माझ्याकडून त्या बाईला अकरा वर्षांत हातरुमाल गेला नव्हता. काल मी ज्या माणसाला घरी बसा म्हटलं, तो आवारातून निघून सरळ साडीच्या दुकानात गेला होता. बायकोला आपलं काम गेल्याचं कळू नये म्हणून. आणि माझं नाव तिच्याकडे खराब होऊ नये, हेही त्यात आलंच. काकांना अर्धवट काम करायची सवय नाही.

तेवढ्यात काका आले. पांढरी टोपी, खिशात पानं, सोबत गल्लीतली दोन माणसं. एक चप्पल काढली आणि मला बघून दुसरी पायातच राहिली. एकदा आवारात क्रेनचा दोर तुटून त्यांच्या हातभर अंतरावर जिना पडला होता, तेव्हाही हा माणूस घाबरला नव्हता. आता घाबरला. मी काय सांगून बसले असेन म्हणून ते आधी बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

मी उठले, सोनं दिलं, पाया पडले. पाठ केलेलं सगळं तोंडात आलं होतं. पण कुसाबाई शेजारीच उभ्या होत्या, कौतुकाने बघत. माफी मागितली असती तर कशाची ते सांगावं लागलं असतं. तोंडात आलेलं सगळं गिळून टाकलं.

काकांनी मला पानं दिली. डोक्यावर हात ठेवला. मग हातातल्या पानांकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "ताई, रजा कधीपत्तर हाय माझी?"

सत्तर वर्षांचा माणूस बायकोदेखत मला विचारत होता, की मी परत येऊ का. असं विचारायची पाळी मी त्याच्यावर आणली होती.

"संपली," मी म्हटलं. "उद्या या. आप्पांचं फाटक बसवायचंय. तुमच्याशिवाय नको म्हणतात."

काकांनी दुसरी चप्पल काढली. आत आले, पानं देवापुढे ठेवली, खाली बसले, चष्मा पुसला.

"उद्या नाय जमायचं," ते म्हणाले. "चार दिसांची म्हनल्या होत्या तुम्ही."

"चार?" कुसाबाई म्हणाल्या. "काल तर एकच दिस सांगितला मला."

"चार," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"चार," मी म्हटलं.

कुसाबाईंनी चहा आणला. साडीवर सांडू नये म्हणून ट्रे अंगापासून लांब धरला होता. मला इतकी लाज वाटत होती की कप समोर असून उचलवेना. "नशीब लागतं अशी मालकीण भेटायला," त्या गल्लीतल्या माणसांना सांगत होत्या.

नाथाकाका "हां" म्हणाले, आणि त्यांनी चहा बशीत ओतला.